डावा कान आणि पळतानाची गाणी

ज्या सकाळी माझा डावा कान गेला, त्या सकाळी मला वाटलं, इअरबड बिघडला.

उज्जैनच्या कोठी रोडवर आम्ही दोघी रोजच्यासारख्या पळत होतो. आम्ही दोघी म्हणजे मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना घरात सगळे माई म्हणतात. आमच्यात इअरबडची जोडी एकच. डावा माझ्या कानात, उजवा माईंच्या. एका गाण्याच्या मधोमध माझ्याकडचा आवाज गेला. हळूहळू कमी झाला नाही की खरखरला नाही. गेला तो गेलाच.

"माई, गाणं थांबलं का?"

"नाही तर. मला तर बराबर येतंय."

"मग माझं चार्जिंग संपलं."

मी माझा इअरबड काढून त्यांना दिला. त्यांनी तो कानात घातला आणि मान डोलावली. "हा पण चालू आहे. एकदम खणखणीत."

मी त्यांचा उजवा घेऊन माझ्या उजव्या कानात घातला. गाणं दणदणत होतं. मग माईंनी माझ्या डाव्या कानाजवळ हात आणला आणि चुटक्या वाजवल्या. त्यांची बोटं हलताना मला डोळ्याच्या कडेला दिसत होती. आवाज नव्हता.

"येतंय का ऐकू?"

"नाही."

"आता?"

"नाही हो माई."

आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलो. सकाळी फिरणारे लोक नमस्कार करत शेजारून जात होते आणि माझी सासू माझ्या कानापाशी चुटक्यांवर चुटक्या वाजवत होती.

कुणाचं गाणं

आधी हे सांगायला हवं की एका जोडीत दोघी कशा आल्या. मी मूळची सांगलीची. लग्न होऊन उज्जैनला आले, फ्रीगंजमधल्या एका शाळेत गणित शिकवते. पळायची सवय कॉलेजपासूनची. माईंना साठीनंतर शुगर निघाली आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, तेव्हा त्या माझ्यासोबत यायला लागल्या आणि हळूहळू पळायलाही लागल्या. त्याच सुमारास माझ्या नवऱ्याने, निखिलने, मला वाढदिवसाला इअरबड आणून दिले. माईंनी डबी उघडून पाहिली आणि म्हणाल्या, "एक मला दे. एका माणसाला दोन-दोन कशाला लागतात?"

तेव्हापासून रोज रात्रीच्या जेवणानंतर उद्या काय लावायचं यावर आमची सभा भरायची. मला पळताना शब्द नको वाटतात. नुसता ठेका हवा, पाऊल त्यावर पडत राहतं. माई माझ्या संगीताला जनरेटर म्हणायच्या. "उद्या किती वेळ जनरेटर चालणार आहे?" त्यांना ढोल हवा, गरबा हवा, जुनी हिंदी नाचाची गाणी हवीत. रडकं गाणं बिलकुल चालायचं नाही. मी एकदा एक संथ, सुंदर गाणं लावलं तर थांबून म्हणाल्या, "हे काय? आपल्याला कुठे मुलगी सासरी पाठवायची आहे?"

शेवटी तह झाला. एक गाणं त्यांचं, एक माझं. त्यांच्या गाण्याला त्या हात उडवत पुढे जायच्या, माझ्या गाण्याला तोंड वाकडं करून. निखिल म्हणायचा, तुम्ही दोघी व्यायामाला जाता की भांडायला? दोन्हीला जायचो.

त्याच दिवशी

मला वाटलं मळ असेल, सर्दी असेल. दुसऱ्या तासाला माझी परीक्षेची उजळणी होती. मी घरी येऊन साडी नेसायला लागले, तर माई दारात उभ्या.

"शाळा नंतर. आधी डॉक्टर."

"माई, शनिवारी जाऊ ना."

"मी बोलली ना एकदा. आधी डॉक्टर." माईंचं मराठी उज्जैनचं आहे. त्या 'मी म्हणाले' म्हणत नाहीत, 'मी बोलली' म्हणतात, आणि त्या बोलल्या की विषय संपतो.

माधव नगरमधल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टर बाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी कानात पाहिलं. मळ नव्हता, पडदा ठीक होता. ते ऐकून मला बरं वाटलं, पण त्यांचा चेहरा उलट गंभीर झाला. मला एका छोट्या बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन लावले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. उजव्या कानात टूं-टूं वाजत राहिलं, मी दाबत राहिले. मग काहीच येईना. काचेपलीकडची तपासणी करणारी मुलगी माझ्याकडे पाहत होती. मला कळलं की आता डाव्याची पाळी चालू आहे, वाजत असणारच. शाळेतल्या मुलासारखी मी अंदाजाने दोन-तीनदा बटण दाबलं. आयुष्यभर मुलांना सांगत आले, येत नसेल तर सोडून द्या, उगाच ठोकून देऊ नका. आणि इथे मी ठोकून देत होते.

डॉक्टर म्हणाल्या, "मॅडम, ये अचानक होनेवाला बहरापन है. अंदर की नस का. दवाई आज से ही शुरू करनी पड़ेगी."

"ठीक हो जाएगा ना?" हे माईंनी विचारलं.

"किसी का पूरा आ जाता है, किसी का थोड़ा. किसी का नहीं भी आता. झूठ नहीं बोलूँगी, माताजी."

रिक्षात मी उजवीकडे बसले होते आणि माई डावीकडे. त्या काहीतरी बोलत होत्या हे मला त्यांच्या हातवाऱ्यांवरून कळलं. मी वळून पाहिलं तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

ॲडमिट

दुसऱ्या दिवशी उठले तर खोली फिरत होती. कपाट डावीकडे जायचं, परत जागेवर यायचं, पुन्हा डावीकडे. उलट्या थांबेनात. ॲडमिट करून सलाईनमधून औषध सुरू केलं.

इस्पितळातल्या दिवसांचं फार सांगण्यासारखं नाही. पहाटे थर्मामीटर, मग बोटाला सुई टोचून शुगर, मग चहा. औषध स्टेरॉइडचं होतं, त्याने शुगर चढते, झोप उडते आणि भूक अशी लागते की विचारू नका. त्यात जेवणात मीठ कमी. माई डब्यातून पोहे आणायच्या, वर शेव नाही, मीठ नावाला. उज्जैनच्या बाईने असे पोहे हाताने करून खायला घालणं म्हणजे काय, ते इथल्या माणसालाच कळेल. "खा, आणि कोणाला सांगू नको मी केलेत म्हणून," असं म्हणायच्या.

कानात आता आवाज सुरू झाला होता. जगात काहीच वाजत नसताना माझ्या डाव्या कानात दिवसभर विजेच्या डीपीजवळ उभं राहिल्यासारखी घरघर. ज्या कानाला काही ऐकू येत नाही, त्याच कानात एवढा गोंगाट, हे मला फार अन्यायाचं वाटायचं. मी त्याबद्दल रडले ते सिस्टरसमोर. ती माझं ब्लडप्रेशर मोजत होती. पट्टा तसाच दंडावर ठेवून ती माझ्या शेजारी बसून राहिली. मी शांत झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

मग एमआरआय. नसेवर गाठ आहे का ते पाहायला. रिपोर्ट यायच्या आदल्या संध्याकाळी निखिल माझ्या उशाशी बसून मोबाईलवर भराभर वाचत होता. पुण्याला जाऊ, मुंबईला जाऊ, अमुक मशीन, तमुक इंजेक्शन. मी म्हटलं, "निखिल, मोबाईल ठेव आणि माझ्याशी काहीतरी फालतू बोल." त्याला फालतू काही सुचेना. तो घाबरलेला आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. गाठ नव्हती. रिपोर्ट वाचून तो जिन्यात जाऊन बसला आणि बराच वेळ आला नाही. आला तेव्हा डोळे लाल होते आणि हातात जिलेबीचा पुडा होता. मला चालणार नव्हती, माईंना चालणार नव्हती. सगळी त्यानेच खाल्ली.

सर्वांत जास्त भीती वाटली ती कानातल्या इंजेक्शनची. पडद्यातून सुई आत घालून औषध सोडतात. दुखतं थोडंच, पण भोवळ येते. नंतर अर्धा तास मान उजवीकडे वळवून, डावा कान वर ठेवून तसंच पडून राहायचं, बोलायचं नाही, आवंढाही गिळायचा नाही. माई स्टूल ओढून माझ्या चांगल्या कानाच्या बाजूला बसल्या आणि अर्धा तास अखंड बोलल्या. शेजारच्यांची सून, गॅसवाल्याचा उद्धटपणा, टावर चौकातल्या साडीच्या दुकानातला सेल, सगळं झालं. वेळ संपल्यावर सिस्टर आली तेव्हा माई तिला म्हणाल्या, "इतनी जल्दी? बहू आधा घंटा पलटकर जवाब न दे, ऐसा मौका फिर कब मिलेगा!"

घरातली शांतता

घरी आले त्याच दिवशी सांगलीहून आईचा फोन आला. मी स्पीकरवर ठेवला होता. आई काळजीने बोलत होती, पण बोलली ते असं: "ते कानात घालून पळायचं खूळ कुणी काढलं गं? रोज मोठ्याने गाणी. कान जाणार नाही तर काय होणार?"

माई तिथेच भाजी निवडत होत्या. आणि आवाज वाढवायच्या त्या माईच. "अजून थोडा, अजून थोडा," असं त्याच म्हणायच्या.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरातलं गाणं बंद झालं. स्वयंपाकघरातला रेडिओ बंद. माई काम करताना गुणगुणतात, तेही बंद. मी त्यात भर घातली. औषधांनी माझं डोकं फिरलेलं असायचं आणि एकट्या पडलेल्या उजव्या कानाला ताटवाट्यांचा आवाज खिळ्यासारखा लागायचा. एकदा त्यांच्या हातून झाकणी पडली तर मी किंचाळले, "माई, जरा हळू नाही का करता येत?" त्यानंतर त्या ताटं फडक्यावर ठेवायला लागल्या. चपला न वाजवता चालायला लागल्या. ते मला दिसत होतं, लाजही वाटत होती, पण बोलता येईना.

एका संध्याकाळी निखिल म्हणाला, "माईची शुगर बघितलीस का? खूप वाढलीय. ती फिरायलाच जात नाहीये."

"का?"

"विचारलं मी. म्हणाली, जिच्यामुळे जात होती ती घरात पडलीय, मी एकटी काय मिरवू?"

पुढच्या तपासणीला माई हट्टाने सोबत आल्या. डॉक्टर माझा कान पाहत असताना त्यांनी मध्येच विचारलं, "डॉक्टर साब, एक बात सच-सच बताइए. ये हमारे गानों से हुआ क्या? आवाज़ मैं बढ़ाती थी."

डॉक्टरांनी हातातलं काम थांबवलं. "नहीं, माताजी. बहुत तेज़ आवाज़ कान के लिए अच्छी नहीं, वो अलग बात है. पर ये उससे नहीं हुआ. इसकी वजह अक्सर मिलती ही नहीं, कोई वायरस होगा. उल्टा एक बात बताऊँ? लोग हमारे पास हफ्तों बाद आते हैं. सोचते हैं मैल है, सर्दी है. आप लोग उसी दिन आ गए, क्योंकि एक के कान में गाना बज रहा था और दूसरी के नहीं."

माई पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. इतके दिवस ती बाई हे मनात घेऊन ताटं फडक्यावर ठेवत होती. मी उठून त्यांना धरलं. उठताना तोल गेला, तर त्यांनीच मला धरलं. डॉक्टर म्हणाल्या, "दोनों बैठ जाइए, गिर जाएँगी."

वाकडं गाणं

ऐकू येणं परत यायला लागलं, पण सरळ नाही. आधी जाड आवाज आले. ट्रकचा, पंख्याचा, निखिलच्या घोरण्याचा. निखिलचं घोरणं डाव्या कानाने ऐकू आलं त्या दिवशी मी त्याला उठवून सांगितलं. त्याला सॉरी म्हणावं की आनंद व्हावा, कळेना.

मग मी आमची गाणी लावून पाहिली. आणि ऐकणं परत येतंय म्हणून झालेला आनंद तिथेच विरला. एकच सूर उजव्या कानात एक आणि डाव्या कानात दुसरा ऐकू येत होता. जणू एक चांगली गायिका गातेय आणि तिच्या मागे कोणीतरी पत्र्याच्या डब्यात तोंड घालून चुकीच्या पट्टीत साथ देतंय. डॉक्टर म्हणाल्या, होतं असं, मेंदूला वेळ द्या, आणि ऐकत राहा, बंद करू नका. पळायलाही हरकत नाही म्हणाल्या. मात्र रस्त्यावर कानात काहीही घालायचं नाही. डावीकडून गाडी आली तर कळणार नाही, म्हणून उजवा कान मोकळा हवा.

पळायचं तर मी नावच काढत नव्हते. मी पुन्हा कोठी रोडला जायला लागले होते, पण चालायला, तेही माईंचा दंड धरून. पाय उचलला की जमीन सरकेल अशी भीती मनात बसली होती.

गाणी मात्र आम्ही पुन्हा शोधायला लागलो. जेवणानंतरची सभा सुरू झाली, आता निखिलचा छोटा स्पीकर मध्ये ठेवून. माई लावायच्या, मी चेहरा करायचे. बासरी? नको. सनई? देवा, बंद करा. व्हायोलिन म्हणजे दाढदुखी. माझा तो जनरेटर? त्यातला खालचा ठेका ठीक, वरचं सगळं फुटकं. माईंची नाचाची गाणी तर पार चिरफाड झालेली. ढोलक चालत होती. बायकांचे जाड आवाज चालत होते.

"थांब, एक आहे," माई म्हणाल्या. त्यांच्या फोनमध्ये त्यांच्या भाचीच्या लग्नातलं एक रेकॉर्डिंग होतं. गल्लीतल्या बायका बसून मालवी बन्ने, म्हणजे नवरदेवाची लग्नगीतं, म्हणतायत, एकजण ढोलक वाजवतेय, दुसरी ढोलकीच्या लाकडावर चमचा ठोकतेय. मध्येच कोणी हसतंय, कोणी चहा मागतंय. आणि सगळ्यांच्या वर माईंचा आवाज.

मी ऐकत राहिले. उजव्या कानाने, मग उजव्यावर हात ठेवून डाव्याने, मग दोन्हींनी.

"काय झालं? खराब वाटतंय?"

"नाही. सारखंच वाटतंय. दोन्ही कानांत अगदी सारखं."

"खरंच?"

"माई, यात कोणीच सुरात नाहीये. त्यामुळे माझ्या कानाला बिघडवायला काही उरलेलंच नाही."

निखिल इतका हसला की त्याला ठसका लागला. माईंनी आधी रागाने पाहिलं, मग त्याही हसायला लागल्या. "घ्या! लोक मला आयुष्यभर बोलले, तू गाऊ नको. आता डॉक्टरांनीच लिहून दिलंय समज."

पळणं

हे सगळं लिहिलं ते दोन गोष्टींसाठी. एक, अचानक एका कानाने ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. मळ आहे, सर्दी आहे, शनिवारी बघू, असं करू नका. आणि दुसरी, गाणी वाकडी ऐकू यायला लागली तर घाबरून बंद करू नका. जे सहन होतं त्यापासून सुरुवात करा, मग ते काहीही असो. माझं सगळं परत आलेलं नाही. बारीक, उंच आवाज डावीकडे अजूनही येत नाहीत, आणि डॉक्टर म्हणतात आता आलं तेवढं आपलं. वर्गात डाव्या बाकांवरची मुलं बोलतात तेव्हा मला वळावं लागतं. मुलांना ते माहीत झालंय. घरघरही आहे, पण आता तिच्याकडे माझं लक्ष कमी जातं.

आणि पळण्याचं असं झालं.

थंडी सुरू झाली होती. आम्ही कोठी रोडवर चालत होतो. छोटा स्पीकर माईंच्या कमरेच्या पिशवीत, आवाज बेताचा, त्यांच्या बायकांचं ते रेकॉर्डिंग चालू. माई माझ्या डाव्या बाजूला, मी त्यांचा दंड धरलेला. एक बन्ना सुरू झाला, माईंच्या सर्वांत आवडीचा. चमचा जोरात वाजायला लागला. माईंचे हात उडायला लागले, पाय उचलायला लागले. त्यांनी माझा हात सोडवला की माझाच सुटला, मला आठवत नाही. त्या दुडकत पुढे गेल्या. गाण्याच्या नादात त्यांना कळलंच नाही की मी मागे राहिलेय.

गाणं त्यांच्या कमरेला होतं. त्यामुळे त्या जशा लांब जायला लागल्या तसं तेही लांब जायला लागलं. आधी बायकांचे आवाज विरळ झाले, मग नुसती ढोलक, मग फक्त चमचा. मी रस्त्यात एकटी उभी होते, धरायला काही नव्हतं, आणि डाव्या कानात घरघर वाढत होती.

"माई!"

त्यांना ऐकू गेलं नाही. पाठ तशीच पुढे चालली होती.

मी एक पाऊल उचललं. जमीन सरकली नाही. दुसरं उचललं, जरा जोरात. मग चमचा नीट ऐकू यायला लागला, म्हणून अजून जोरात. ढोलक परत आली. बायका परत आल्या. मी धापा टाकत होते, वेडीवाकडी पडत होती पावलं, तरी ठेक्यावर पडत होती. मी त्यांच्या उजव्या अंगाला पोचले तेव्हा माईंनी मान वळवली.

"अगं! तू पळतेयस!"

त्या थांबणार होत्या, मला धरणार होत्या, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"थांबू नका माई," मी म्हटलं. "गाणं संपेपर्यंत जाऊ."